फ्रीपोर्ट उचलून एबेरॉनमध्ये ठेवलं : काही महिन्यांच्या खेळानंतर

‘द पायरेट्स गाइड टू फ्रीपोर्ट’ हे ग्रीन रोनिन या प्रकाशकाचं २००७ सालचं पुस्तक उन्हाळ्यापासून आमच्या टेबलावर आहे. फ्रीपोर्ट हे चाच्यांचं काल्पनिक शहर. शहर पुस्तकाहून जुनं आहे. त्याचं पहिलं साहस, म्हणजे खेळायला तयार कथानक, २००० साली आलं, डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) या टेबलावर पात्रं घेऊन खेळायच्या खेळाची तिसरी आवृत्ती निघाली त्याच सुमारास. २००७च्या पुस्तकात मात्र नियम नाहीत. हिट पॉइंट नाहीत, आर्मर क्लास नाही, म्हणजे पात्रांची ताकद-बचाव मोजणारे आकडेच नाहीत. गल्ल्या, गुत्ते, माणसं आणि त्यांची लफडी, एवढंच. त्यामुळे ते कुठल्याही जगात बसेल असं म्हणतात. आम्ही पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर एबेरॉनमध्ये, म्हणजे डी अँड डीच्याच एका काल्पनिक जगात, बसवलं. बसतं, पण ज्या सांध्यावर मला घाम फुटेल असं वाटलं होतं तो पटकन जुळला आणि जिकडे लक्षच नव्हतं तिथे खरी सुतारकी करावी लागली.

आधी सोपं ते. फ्रीपोर्टमध्ये देवांना नावं नाहीत, कामं आहेत : ज्ञानाचा देव, चाच्यांचा देव. त्यामुळे ज्ञानाच्या देवळावर ऑरिऑनची, म्हणजे एबेरॉनच्या ज्ञानदेवतेची, पाटी लावली की झालं. शहराखाली सर्पमानवांच्या व्हॅलोसा साम्राज्याचे अवशेष आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते एका अनाम, वेड लावणाऱ्या शक्तीच्या पायी बुडालं. एबेरॉनमध्ये वेडासाठी झोरियाट नावाचं अख्खं विश्वच आहे, तेव्हा त्या शक्तीला भजणारा पिवळ्या चिन्हाचा पंथ तिकडे जोडून दिला. सर्पमानवांना डी अँड डीतल्या युआन-टी या सापमाणसांचे तयार आकडे, गुंडांच्या म्होरक्यांना बँडिट कॅप्टनचे. एका संध्याकाळचं काम.

जागाही आयती मिळाली. एबेरॉनच्या खोर्वेर खंडाच्या ईशान्येला ल्हाझारची बेटं आहेत आणि तिथला जो तो कप्तान स्वतःला राजपुत्र म्हणवतो. फ्रीपोर्टचा सी लॉर्ड, म्हणजे शहराचा प्रमुख, त्यांच्यातलाच आणखी एक. कॅप्टन्स कौन्सिल, म्हणजे त्याच्यासोबतचं कारभारी मंडळ, जशीच्या तशी ठेवली. एबेरॉनच्या कालगणनेत तिथलं ‘शेवटचं युद्ध’ ९९६ साली संपलं आणि खेळ ९९८मध्ये सुरू होतो, म्हणजे कालपर्यंत कुणाच्या तरी परवान्यावर लुटणारे खलाशी आज बेकार आहेत. चाच्यांच्या शहराला याहून चांगली भरती कुठून मिळणार?

दारूगोळ्याचं तेवढं दुखलं. फ्रीपोर्टात पिस्तुलं आहेत, तोफा आहेत. एबेरॉनमध्ये ते काम जादूच्या कांड्या करतात. आम्ही पिस्तुलं काढली, कांड्या दिल्या. जगाला ते शोभतं, पण भिजलेली दारू, ऐन वेळी न उडालेला बार, गुत्त्यात भरलेला धूर, ही सगळी मजा गेली. आमच्यातला एक जण अजून कुरकुरतो, आणि त्याचं बरोबर आहे.

आता अवघड ते. आमच्या गटात एक जण क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवणाऱ्याकडे, नोकरीला आहे. त्याचा दिवस न्हावाशेवाच्या कंटेनरांच्या कागदपत्रांत जातो. पार्टीने, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांनी, पहिलं जहाज लुटलं, कापडाचे गठ्ठे हाती लागले. बाकीचे वाटणी करायला बसले आणि याने विचारलं, “हे विकणार कुणाला? कागद कुठायत?” मी म्हटलं, अरे, चोरीचा माल आहे. तो म्हणाला, “म्हणूनच विचारतोय.”

साध्या मध्ययुगीन जगात हा प्रश्न टोलवता येतो. एबेरॉनमध्ये नाही येत. तिथे सिव्हिस घराण्याचे बुटके जादूच्या शिक्क्याने दस्तऐवज प्रमाणित करतात आणि कुंडारॅक घराणं पेढी चालवतं. तेव्हा बिनकागदाचा गठ्ठा शार्न या मोठ्या शहराच्या बाजारात उघड विकायचा कसा? यातून शहराचा धंदाच बदलला. आमच्या फ्रीपोर्टात लुटीपेक्षा मोठी कमाई मालाला नवा जन्मदाखला देण्यात आहे. पुस्तकातला गोदामांचा भाग मी जाता जाता वापरणार होतो. तोच आता शहराचं काळीज झालाय. सिव्हिसमधून हाकललेला एक कारकून तिथे सगळ्यात घाबरून राहण्याजोगा माणूस आहे, आणि त्याच्याकडे साधा चाकूही नाही.

दुसरा प्रश्न त्याहून मूलभूत : या शहराला अजून कुणी जाळलं कसं नाही? मूळ फ्रीपोर्टला स्वतःचा इतिहास आहे, पण एबेरॉनमध्ये आणलं की तो मागे राहतो. इथे मला कॅरिबियनपेक्षा आपलं कोकण जास्त उपयोगी पडलं. १७१८ साली इंग्रज गव्हर्नर वुड्स रॉजर्स शरण येणाऱ्या चाच्यांसाठी राजाची माफी घेऊन बहामातल्या नासाउला उतरला आणि तिथली चाच्यांची सद्दी संपत गेली. त्याच साली मुंबईचा गव्हर्नर बून आंग्र्यांच्या खांदेरीवर चालून गेला आणि हात हलवत परत आला. कान्होजी आंग्रे इंग्रजांच्या कागदांत चाचे, आपल्याकडे मराठी आरमाराचे सरखेल. पोर्तुगीज आधीपासून या समुद्रात कार्ताझ, म्हणजे जहाजांचे परवाने, विकत होते, कान्होजींनी आपली दस्तकं काढली. दस्तक असेल तर जा, नसेल तर माल जप्त.

हे जसंच्या तसं उचललं. फ्रीपोर्टचा सी लॉर्ड परवाने विकतो. प्रत्येक राष्ट्र चोरून ते घेतं, कारण आपली जहाजं सुखरूप जातात आणि शेजाऱ्याची लुटली जातात. मग जाळणार कोण? टेबलावर हे समजावून सांगितलं तर एजंटसाहेब म्हणाले, “परवाना नाही म्हणून माल जप्त. मग हा चाचा कसला? हा तर कस्टम्स.” त्या दिवशी पुढचं सेशन झालंच नाही.

पण खरं सांगायचं तर कॅम्पेन, म्हणजे आमची सेशनमागून सेशन चालणारी कथा, तिथून पेटलं. पार्टीला आता खजिना नको होता, कोरे परवाने हवे होते.

लिरँडार घराण्याचाही बंदोबस्त करावा लागतो. त्यांच्या जहाजांना जादूने बांधलेली महाभूतं (वारा-पाण्याच्या शक्ती) ओढतात, वाऱ्याची वाट बघावी लागत नाही. मग चाच्यांचं शिडाचं जहाज त्यांना गाठणार कसं? आम्ही ठरवलं की लिरँडारचं भाडं श्रीमंतांनाच परवडतं आणि चाचे जगतात ते बाकीच्यांवर. यापलीकडे खोलात गेलो नाही. जाऊही नका.

एक भर मात्र आमची, आणि ती मी कुणालाही सुचवेन : समुद्र बंद ठेवा. पावसाळ्यात गेटवे-मांडवा बोटी थांबतात, जून-जुलैत मासेमारी बंद, हे पाहत वाढलेल्या खेळाडूंना बारमाही खुला समुद्र पटत नाही. आम्ही वादळांचा एक हंगाम धरला. जहाजं किनाऱ्याला, खलाशी कडकी लागून स्कर्व्हीटाऊन या शहरातल्या बकाल वस्तीत, उधारी थकलेली, भांडणं चाकूपर्यंत आलेली. आमची सगळ्यात चांगली सेशन्स याच हंगामातली. शेवटी खलाश्यांनी डिव्हावररला, म्हणजे समुद्राच्या कोपाच्या देवतेला, शांत करायला धक्क्यावर मिरवणूक काढली. नारळी पौर्णिमाच ती. प्रेमापेक्षा भीतीने केलेली, एवढाच फरक.

तक्रारी आहेत. आकडे नसल्याने दर सेशनआधी डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, गृहपाठ पडतो. पुस्तक जुन्या साहसांनंतरच्या काळात चालतं, त्यामुळे त्या साहसांतलं दीपगृहाचं प्रकरण तुम्हाला स्वतः खेळायचं असेल तर खेळाचा काळ बराच मागे न्यावा लागतो. तो नक्की न्या, पहिल्या साहसत्रयीचा तोच तर जीव आहे. आणि पात्रं इतकी आहेत की निम्मी माझ्याकडून अजून टेबलावर आलेली नाहीत.

तयार आकड्यांसकट सगळं हातात हवं असेल तर हे पुस्तक तुमच्यासाठी नाही. स्वतःचं जग असेल आणि त्यात एक नासकं बंदर हवं असेल तर घ्या, पीडीएफ पुरते. नकाशा तेवढा मोठ्या कागदावर छापून घ्या. आम्ही फोर्टातल्या झेरॉक्सवाल्याकडे ए-वन आकारात काढला. लॅमिनेशन मॅट सांगा. चकचकीतवर ट्यूबलाइट पडते आणि अख्खं स्कर्व्हीटाऊन दिसेनासं होतं.