छोट्या शेतीतली इंटर्नशिप: प्रयोगाचा प्लॉट की शेतकऱ्याचा बांध?

छोट्या शेतकऱ्यांसोबत काम करायचं हे मनाशी पक्कं केलेल्या विद्यार्थ्यापुढे साधारण दोन दारं असतात. एक संशोधनाचं, दुसरं कृषी विस्ताराचं, म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेण्याचं. जाहिराती वाचल्या तर दोन्ही सारखीच वाटतात: शेतात प्रत्यक्ष काम, तज्ज्ञांचं मार्गदर्शन, शेवटी प्रमाणपत्र. कामाला लागल्यावर मात्र कळतं की दोन्हींचा दिवस वेगळा आहे, आणि चूक झाली तर ती कोणाच्या अंगावर येते तेही वेगळं आहे. मी दोन्ही केल्या आहेत आणि पुढे दोन्हीकडे आलेल्या मुलामुलींसोबत काम केलं आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगते. दोन्ही करता येणार असतील तर आधी संशोधन करा, मग विस्तार. एकच शक्य असेल तर शेतकऱ्याच्या शेतात चालणारा प्रयोग शोधा.

‘छोटी शेती’ हा शब्द आपण सहज वापरतो, म्हणून आकडे समोर ठेवते. जगात 60 कोटींच्या आसपास शेतं आहेत आणि त्यातली सुमारे 84 टक्के दोन हेक्टरांपेक्षा लहान आहेत. एकूण शेतजमिनीपैकी त्यांच्या वाट्याला जेमतेम 12 टक्के येते, तरी जगाच्या अन्नापैकी, किमतीच्या हिशेबाने, एक तृतीयांशाहून थोडं जास्त तिथून येतं. ज्याचं वर्षाचं सगळं गणित दोन हेक्टरांच्या आत बसवलेलं आहे, त्याला एखादा तुकडा ‘करून बघू’ म्हणून सोडणं जड जातं. पुढची सगळी तुलना मी याच माणसाकडे बघून केली आहे.

ही दोन कामं एकमेकांपासून लांब गेली ती आजची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1843 मध्ये गव्हावरचा जो प्रयोग सुरू झाला तो अजून चालू आहे. अमेरिकेत प्रयोग केंद्रांना सरकारी पैसा देणारा हॅच कायदा 1887 चा, आणि तिथलं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेणाऱ्या विस्तार सेवेचा स्मिथ-लीव्हर कायदा 1914 चा. मध्ये 27 वर्षं गेली. त्याच काळात, 1906 मध्ये, अमेरिकेतल्या टस्कीगी या शिक्षणसंस्थेच्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या कल्पनेतून अवजारं, बियाणं आणि प्रात्यक्षिकाचं सामान भरलेली एक गाडी गरीब शेतकऱ्यांच्या दारी जाऊ लागली. कार्व्हर स्वतः प्रयोग करणारे शास्त्रज्ञ होते. मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं, कारण दोन्ही कामं एकाच माणसात नांदू शकतात हे त्यातून दिसतं. पण बहुतेक संस्थांमध्ये आजही दोन वेगळे विभाग असतात, आणि इंटर्नला त्यातला एक निवडावा लागतो.

संशोधनात हाताला काय लागतं

मोजणी. ऊन चढायच्या आत प्लॉटवर, म्हणजे प्रयोगासाठी आखलेल्या तुकड्यावर, पोचायचं, ठरलेल्या ओळीतली ठरलेली दहा झाडं शोधायची, उंची, फुटवे, पानांवरचे ठिपके नोंदवायचे आणि पुढच्या प्लॉटवर जायचं. छत्तीस प्लॉट असतील तर छत्तीस वेळा. कडेच्या ओळी सोडून द्यायच्या, कारण त्यांना मोकळी जागा आणि ऊन जास्त मिळतं आणि त्या खोटं चित्र दाखवतात. काढणीला एक चौरस मीटरची चौकट टाकून आतलंच पीक कापायचं, मळायचं, दाण्यातली ओल मोजायची आणि मगच वजनाची नोंद करायची. ओल न बघता केलेलं वजन तुलनेसाठी कुचकामी असतं.

पहिल्या आठवड्यात मला प्रश्न पडला होता की खताची एकच मात्रा चार वेगळ्या ठिकाणी विखरून का दिली आहे. सलग दिली असती तर सगळ्यांचेच कष्ट वाचले असते. उत्तर मोठ्या पावसानंतर मिळालं. शेताच्या उताराकडच्या अंगाला पाणी साचलं आणि तिथली झाडं पिवळी पडली, मग मात्रा कुठलीही असो. जास्त खताचे सगळे प्लॉट त्या अंगाला असते, तर आम्ही खतालाच दोष देऊन मोकळे झालो असतो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1919 मध्ये रोथॅमस्टेडला रुजू झाले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी कुठल्या प्लॉटला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखं ठरवायची पद्धत पक्की केली. वर्गात ती सूत्र म्हणून शिकवतात. चिखलात उभं राहिल्यावर ती पटते.

तिथेच माझ्या हातून एक चूक झाली. कणसांच्या कागदी पिशव्यांवर मी साध्या पेनाने नंबर लिहिले आणि शेडमधल्या ओलीने शाई फुटली. अकरा पिशव्या कुठल्या प्लॉटच्या ते ओळखता येईना. वजनावरून अंदाज बांधून नंबर टाकता आले असते. मार्गदर्शक मॅडमनी वहीतल्या त्या अकरा चौकटी रिकाम्या ठेवायला लावल्या आणि शेजारी कारण लिहायला लावलं. त्या रिकाम्या चौकटींनी मला जे शिकवलं ते भरलेल्या चौकटींनी शिकवलं नाही.

उणी बाजूही सांगायला हवी. केंद्राच्या प्लॉटला पाणी वेळेवर मिळतं, तण वेळेवर निघतं, मजूर ठरलेल्या दिवशी येतात. छोट्या शेतात यातलं काहीच गृहीत धरता येत नाही, म्हणून तिथलं उत्पन्न शेतकऱ्याच्या शेतात उतरत नाही. आणि दोन महिने संपले तरी एकाही शेतकऱ्याशी नीट बोलणं झालं नाही, असंही घडतं. प्रश्न दुसऱ्याने ठरवलेला असतो आणि तुम्ही फक्त त्याची नोंद ठेवता. माणसांत रमणाऱ्याला हे फार एकाकी जातं.

विस्तारात हाताला काय लागतं

माणसं, आणि त्यांची वेळ. शेतकऱ्याला सवड असेल तेव्हा तुमचं काम सुरू होतं, म्हणजे बरेचदा भल्या पहाटे किंवा दिवेलागणीनंतर. दिवसभर फोन, बैठकीची जुळवाजुळव, मातीचे नमुने गोळा करणं. नमुना म्हणजे एका जागची मूठभर माती नव्हे. शेतातून नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणची माती घ्यायची, एकत्र कालवायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. हे शेतकऱ्यासोबत केलं की तो आपोआप शेताबद्दल बोलायला लागतो: इथे पाणी मुरत नाही, तिकडे दरवर्षी रोग आधी येतो. प्रश्नावली घेऊन बसल्यावर हे बाहेर येत नाही.

विस्तार म्हणजे भाषण देणं, असा समज घेऊन येणारे विद्यार्थी लवकर कंटाळतात. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला याचा अभ्यास केला आणि तो 1943 मध्ये प्रसिद्ध झाला. 259 शेतकऱ्यांच्या मुलाखती होत्या. बियाण्याची बातमी अनेकांना विक्रेत्यांकडून लागली होती, पण पेरायचं धाडस झालं ते शेजाऱ्यांमुळे. पुढे होऊन ज्यांनी आधी पेरलं त्यांनीसुद्धा पहिल्या वर्षी थोड्याच जागेत पेरून बघितलं. विस्ताराच्या इंटर्नचं खरं काम हेच असतं: एकाचं शेत दुसऱ्याला दाखवायची सोय करणं आणि मध्ये कमी बोलणं.

आता ज्या प्रसंगाने माझं मत बनलं तो सांगते. एका शेतात टोमॅटोची काही झाडं खुजी आणि पिवळट दिसत होती, दुपारी माना टाकत होती. शेतकरी ताईंनी मला विचारलं आणि मी लगेच सांगून टाकलं, नत्र कमी पडलंय. सोबतच्या अनुभवी सहकाऱ्याने काही न बोलता खुरप्याने एक झाड मुळासकट हळूच उकरलं आणि मुळं पाण्यात हलवून धुतली. मुळांवर गाठीच गाठी होत्या, जाडसर, एकमेकींना चिकटलेल्या. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक जंत. नत्राने त्यांचं काहीच वाकडं झालं नसतं. ताईंनी त्या संध्याकाळीच खत आणलं असतं, पैसे गेले असते, आणि पुढच्या हंगामात त्याच जागी पुन्हा टोमॅटो लावला गेला असता.

प्लॉटवर माझ्या चुकीने अकरा चौकटी रिकाम्या राहिल्या. इथे माझ्या चुकीने एका घराचा हंगाम गेला असता. म्हणून मी म्हणते, आधी संशोधन. ‘बघून सांगते’ म्हणायची सवय आधी लागू दे, मग शेतकऱ्यासमोर उभे राहा. अनेक जण उलट सांगतात: आधी शेतकरी समजून घ्या, मग प्रयोग करा. त्यात तथ्य आहे, विशेषतः ज्यांनी शेत जवळून पाहिलेलंच नाही त्यांच्यासाठी. पण तो अनुभव शेजारी कोणी जाणतं माणूस उभं असेल तरच घ्यावा. एकट्या इंटर्नला गावोगाव सल्ले द्यायला पाठवणारी जागा मी कोणालाच सुचवणार नाही, मग तिथे शिकायला कितीही मिळो.

याला एक सुंदर अपवाद आहे, शेतीशाळा. इंडोनेशियात 1989 मध्ये भाताच्या पिकासाठी त्या सुरू झाल्या. कीटकनाशकांच्या वापराने तुडतुड्यांचे नैसर्गिक शत्रूच मरत होते आणि तुडतुडे आणखी माजत होते. शेतकऱ्यांचा गट हंगामभर दर आठवड्याला शेतात उतरतो, झाडं न्याहाळतो, किडी आणि मित्रकिडी मोजतो, जे पाहिलं त्याचं मोठ्या कागदावर चित्र काढतो आणि काय करायचं ते आपसात ठरवतो. चालवणाऱ्याने उत्तर द्यायचं नसतं, प्रश्न विचारायचा असतो. नवख्या विद्यार्थ्यासाठी विस्तारातली याहून सुरक्षित जागा मला माहीत नाही.

हंगाम आणि सुट्टी यांचं जमत नाही

निवड करताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कॅलेंडरकडे. इंटर्नशिप सहा-आठ आठवड्यांची, आणि बहुतेक हंगामी पिकांना पेरणीपासून काढणीपर्यंत तीन-चार महिने लागतात. म्हणजे संशोधनात तुम्हाला कथेचा एकच तुकडा दिसणार. पेरणीला गेलात तर उगवणीची मोजणी आणि विरळणी, मध्यावर गेलात तर कीड-रोगाच्या नोंदी, शेवटी गेलात तर काढणी आणि आकडेमोड. यात मी शेवटचा तुकडा निवडेन. काम अंगमोडं असतं, पण प्रश्नाचं उत्तर डोळ्यांदेखत तयार होतं आणि आकडे हाताळायला मिळतात.

विस्तारात नेमकं उलटं आहे. काढणीच्या धांदलीत शेतकऱ्याला बैठकीला बोलावणं म्हणजे त्याचा दिवस बुडवणं. पेरणीच्या आधीचे आठवडे सोन्यासारखे, कारण तेव्हा निर्णय व्हायचे असतात: कुठलं वाण, किती क्षेत्र, कशानंतर काय. तुमची सुट्टी कोणत्या टप्प्यावर येते ते आधी बघा. काही वेळा निवड तिथेच होऊन जाते.

पैशाबद्दल थोडक्यात. संशोधनाची जागा प्रकल्पाच्या निधीतून निघाली असेल तर विद्यावेतनाची शक्यता बरी असते. विस्तारात प्रवासखर्च खिशातून जाऊ लागतो, म्हणून तो कोण देणार हे लेखी घ्या. पुढे पदव्युत्तर शिक्षण किंवा पीएचडीचा विचार असेल तर संशोधनातली आकडेवारी आणि मार्गदर्शकांचं पत्र उपयोगी पडतं. संस्था, शेतकरी कंपन्या किंवा धोरणाकडे कल असेल तर विस्ताराचा अनुभव जास्त बोलतो.

दोन्हींच्या मधली वाट

सुरुवातीला म्हटलं तो शेतकऱ्याच्या शेतातला प्रयोग म्हणजे काय? आफ्रिकेतल्या मलावीत 1990 च्या दशकात कृषी संशोधक सिग्लिंडे स्नॅप यांनी विकसित केलेली एक पद्धत आहे, तिला आई आणि बाळ प्रयोग म्हणतात. वस्तीच्या मध्यावर ‘आई’: सगळे पर्याय, नीट मांडणी, संशोधकांची देखरेख. आजूबाजूच्या शेतांत ‘बाळं’: प्रत्येक शेतकरी त्यातले दोन-चार पर्याय निवडून आपल्या पद्धतीने करून बघतो आणि आपलं मत देतो. इंटर्न सकाळी आईकडे मोजणी करतो आणि संध्याकाळी बाळांच्या घरी जाऊन बसतो. एखादा पर्याय आईकडे पहिला आला आणि बाळांच्या शेतात मागे पडला, तर का, हे विचारण्यात पूर्ण इंटर्नशिप सार्थकी लागते. बहुतेकदा उत्तर मजुरीत किंवा खुरपणीच्या वेळेत सापडतं, आणि ती खुरपणी घरातली बाई करत असते, जिला कोणी विचारलेलंच नसतं.

अशा जागा कमी असतात. जाहिरातीत ‘सहभागी संशोधन’ असं लिहिलेलं असलं तरी फसू नका, थेट विचारा. प्लॉट कोणाच्या जमिनीवर आहेत? पीक बुडालं तर नुकसान कोण भरणार? शेतकऱ्याची माहिती आणि फोटो घेताना त्याची परवानगी कशी घेतली जाते? आठवड्यातून किती वेळा कोणी माझ्यासोबत शेतात असेल?

आणि शेवटी, मागच्या वर्षीच्या इंटर्नने काढलेले निष्कर्ष त्या शेतकऱ्यांना परत जाऊन कोणी सांगितले का, हे विचारा. मी हा प्रश्न एका ठिकाणी विचारला तेव्हा समोरच्या माणसाने कपाटातून एक तक्ता काढून दाखवला. मोठी अक्षरं, प्रत्येक शेतकऱ्याच्या शेताचा आकडा वेगळा, आणि कोपऱ्यात बैठकीची तारीख. त्या कागदावर मातीची बोटं उमटलेली होती. मी तिथे रुजू झाले.