प्रबंधाचं पुस्तक करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

देशभरातले प्रबंध जिथे ठेवतात त्या ‘शोधगंगा’ संकेतस्थळावर माझा प्रबंध चढला त्याला जेमतेम चार महिने झाले होते. एप्रिल २०२३ मध्ये एक ई-मेल आला. त्यात प्रबंधाचं पूर्ण शीर्षक होतं आणि माझ्या नावाआधी ‘डॉक्टर’ लिहिलेलं होतं. तोवर घरीदारी कुणीच मला डॉक्टर म्हणत नव्हतं. तो ई-मेल मी त्या दिवशी चारपाच वेळा उघडून वाचला.

मी सोलापूरची. विषय समाजशास्त्र, प्रबंध इथल्या विडी कामगार बायकांवर. बाळंतपण, नवऱ्याची बदली आणि सासूबाईंचं आजारपण यांत मधली सात वर्षं गेली. पीएच.डी. हाती आली तेव्हा मी ४१ वर्षांची होते आणि तासिका तत्त्वावर शिकवत होते. तासाला ९०० रुपये, तेही सत्र संपल्यावर कधीतरी खात्यात पडायचे. मे महिन्यात तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत. कायम जागेच्या निवडीसाठी जो गुणांचा तक्ता असतो त्यात एका शोधनिबंधाला २ गुण. माझ्यासारख्या बाईच्या डोक्यात हे दोन-दोन गुण दिवसरात्र फिरत असतात. दुसरीकडे असंही वाटायचं, की पुरे झालं हे तासांचं, संपादन किंवा अनुवादाकडे वळावं, घरबसल्या मानाचं काम करावं. या दोन्ही गोष्टी मी कुणाजवळ बोलले नव्हते, पण त्या ई-मेलमध्ये दोन्ही होत्या.

खालच्या नंबरवर फोन लावला तर एका बाईंनीच उचलला. मराठी छान, बोलणं मायेचं. “ताई, सात वर्षांचा खंड लपवू नका, तीच तुमची ताकद आहे,” असं त्या म्हणाल्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संशोधन करणाऱ्या बायकांसाठीच आपण काम करतो, असं त्यांचं म्हणणं. प्रबंधाचं इंग्रजी पुस्तक, ‘आंतरराष्ट्रीय’ प्रकाशक आणि आयएसबीएन म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकासह, १८,५०० रुपये. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) केअर यादीतल्या, म्हणजे मान्य नियतकालिकात दोन निबंध, प्रत्येकी ९,०००. शिवाय संपादनाचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम, शेवटी काम मिळवून देण्याची हमी, २८,०००. एकूण ६४,५००. मला त्यांनी ज्या व्हॉट्सअ‍ॅप गटात घेतलं तिथे रोज कुणाच्या ना कुणाच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि अभिनंदनाची फुलं पडत होती. भिशीचे ३०,००० नुकतेच हातात आले होते. ते भरले, उरलेले जुलैपर्यंत हप्त्याहप्त्याने दिले. सगळे पैसे एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर गेले, संस्थेच्या खात्यावर एक रुपयाही नाही. तेव्हाच थांबायला हवं होतं.

पहिला निबंध तीन दिवसांत स्वीकारला गेला. तज्ज्ञांचा अभिप्राय म्हणून एकच ओळ आली, ‘पेपर इज व्हेरी नाइस’. २६ पानांच्या निबंधावर एक शंका नाही, संदर्भातली एक चूक दाखवलेली नाही. माझ्या मार्गदर्शक बाईंनी त्याच प्रकरणावर लाल शाईने तीन वेळा फुल्या मारल्या होत्या. खरं वाचणारा माणूस कसा वाचतो हे मला माहीत होतं, तरी मी त्या ओळीने खूश झाले.

नोव्हेंबरात पुस्तकाच्या पाच प्रती आल्या. प्रबंधाचा वर्डचा मजकूर जसाच्या तसा छापला होता. तक्ते उजवीकडून कापले गेले होते आणि ‘मागील प्रकरणात सादर केलेल्या गृहीतकानुसार’ अशी प्रबंधाची भाषाही तशीच होती. मुखपृष्ठावर डोक्याला टोपली अडकवून पानं खुडणाऱ्या बायका. ज्यांच्या मुलाखतींवर माझा निम्मा प्रबंध उभा आहे त्या आक्कांना मी प्रत द्यायला गेले. तेलुगू वळणाच्या मराठीत त्या म्हणाल्या, “मॅडम, हे चहाचं पान. आपलं पान असं न्हाई.” आणि सुपातलं तेंदूचं एक पान उचलून त्यांनी पुस्तकावर ठेवलं. कात्रीने कापलेलं, विडीच्या मापाचं. रोज हजार विड्या वळणाऱ्या बाईला एका नजरेत दिसलं ते पुस्तक काढणाऱ्यांना दिसलं नव्हतं, कारण त्यांनी आतलं एक पानही वाचलं नव्हतं.

तरी मी स्वतःची समजूत घातली. पुस्तक कसं का असेना, निबंध तर आहेत.

जून २०२४ मध्ये एका महाविद्यालयात कायम जागेसाठी गेले. छाननीच्या टेबलावर एक ज्येष्ठ प्राध्यापिका होत्या. माझे दोन्ही निबंध त्यांनी बाजूला काढले, लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि शांतपणे म्हणाल्या, “बाळ, मूळ नियतकालिक त्रैमासिक आहे. तुझ्या निबंधावर खंड १४, अंक ७ लिहिलंय. त्रैमासिकाचा सातवा अंक कुठून येईल?”

वर्षाला चारच अंक निघतात. पहिलीतल्या पोरालाही कळेल असा हिशोब, आणि तो निबंध वर्षभर माझ्या फाइलला लावलेला होता.

झालं होतं ते असं. खरं नियतकालिक फक्त छापील निघतं. त्याचं नाव आणि आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळखक्रमांक, उचलून कुणीतरी नकली संकेतस्थळ उभं केलं होतं आणि मागेल त्याचा निबंध पैसे घेऊन टाकत होते. केअरच्या संकेतस्थळावर अशा नकलांची वेगळी यादीच होती. मी फक्त नाव आणि नंबर जुळवून पाहिले होते. ते जुळणारच, चोरलेले होते! मूळ नियतकालिकाच्या पत्त्यावर एक पत्र टाकलं असतं, किंवा ग्रंथालयात जाऊन एखादा छापील अंक हातात घेतला असता, तर तिथेच उलगडा झाला असता.

घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळलं, की हा धंदा जुना आहे. जानेवारी २०१७ मध्ये यूजीसीने मान्य नियतकालिकांची यादी काढली. तिच्यातली विद्यापीठांनी सुचवलेली काही नियतकालिकं पुण्यातल्या अभ्यासकांनी तपासली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची निघाली. मे २०१८ मध्ये यूजीसीने ४,३०५ नावं काढून टाकली. मग केअर यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही यूजीसीने बंद केली आणि निकष तेवढे सुचवून पारख संस्थांवर आणि प्राध्यापकांवर सोपवली. आता हेच लोक नव्याने फोन करताहेत, “ताई, केअर गेलं, आता कुठेही छापलेलं चालतं.” चालत नाही. तुमच्या टेबलासमोर कोण बसेल आणि त्या व्यक्तीला काय माहीत असेल, हे तुम्हाला आधी कळत नसतं.

आयएसबीएनचंही ऐका. मी १८,५०० रुपये प्रामुख्याने त्या १३ आकड्यांसाठी मोजले. भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. दिल्लीला शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन राय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी तो देते. प्रकाशक अर्ज करतो तसा आपलं पुस्तक आपणच काढणारा लेखकही करू शकतो. पुस्तक चांगलं आहे असं तो नंबर सांगत नाही, तो फक्त पुस्तकाची ओळख. आयएसएसएनचंही तेच, तोही नियतकालिकाला विनाशुल्क मिळतो. ‘आयएसएसएन आहे म्हणजे मान्यता आहे’ असं कुणी म्हणालं की उठून या.

सगळ्यात जास्त मला हक्काच्या कागदाने छळलं. पुण्यातल्या एका प्रकाशकांनी आक्कांच्या आणि त्यांच्या मैत्रिणींच्या आयुष्यावर सर्वसामान्य वाचकांसाठी मराठी पुस्तक लिहायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याकडे लेखन मागत होतं. त्यांनी विचारलं, आधीच्या पुस्तकाचा करार काय आहे? मी न वाचता सही केलेला दीड पानाचा कागद काढला. त्यात कॉपीराइट ‘प्रकाशकाकडे वर्ग’ केला होता. पुस्तक काढून देणाऱ्या त्या बाईंना फोन केला तर “सोडपत्रासाठी २५,००० लागतील.” माझंच लिहिलेलं, माझ्याच शहरातल्या बायकांचं सांगणं, आणि ते परत घ्यायला पंचवीस हजार.

मी भरणारच होते. वर्गमैत्रीण वकील आहे, तिने अडवलं आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ समोर ठेवलं. हक्क देताना कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी, हे लिहावं लागतं. काळ लिहिला नसेल तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. माझ्या कागदात यातलं काहीच नव्हतं, मराठीचा तर उल्लेखही नव्हता. तिचं मत असं, की ऑगस्ट २०२८ ला ते इंग्रजी पुस्तक माझ्याकडे परत येईल आणि मराठी पुस्तक मी आजही लिहू शकते. तुमचा कागद वेगळा असेल, तो वकिलाला दाखवा. पण सोडपत्राचे पैसे त्याआधी देऊ नका.

छाननीनंतर आठ महिने मी गप्प होते. पीएच.डी. झालेली बाई फसतेच कशी, असं लोक म्हणतील ही भीती. शेवटी नवऱ्याला सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “पावत्या कुठं आहेत?” यूपीआयचे व्यवहार, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, सगळं रात्री बसून छापलं. सायबर तक्रारीसाठी १९३० हा नंबर आहे, पण पैसे गेल्यावर काही तासांत फोन केला तरच रक्कम अडवता येण्याची आशा असते. मी तर दीडेक वर्षाने केला. मार्च २०२५ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे शुल्क नाही, मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. सुनावणी चालू आहे. व्हॉट्सअ‍ॅप गटातून मला काढलंय, पण त्याआधी ज्यांना खासगीत विचारलं त्यांपैकी चौघींनी कागद पाठवले आहेत.

आता संपादनाच्या त्या अभ्यासक्रमाबद्दल, कारण तिथे माझ्या हातून दुसऱ्यांचं नुकसान झालं. सहा आधीच टिपलेले व्हिडिओ होते, मग ‘सराव’ म्हणून तीन फायली आल्या. प्रत्येक फाइल म्हणजे प्रबंधाचं एक प्रकरण. मी जीव ओतून काम केलं. वाक्यं सरळ केली, संदर्भ लावले, एके ठिकाणी तर निष्कर्षाचे दोन परिच्छेद नव्याने लिहून दिले. कामाची हमी होती, ते काम कधीच आलं नाही. यंदा जानेवारीत मराठवाड्यातल्या एका मुलीचा फोन आला. एका फाइलमध्ये दुरुस्त्यांवर माझं नाव राहून गेलं होतं, त्यावरून तिने मला शोधलं. त्या प्रकरणासाठी तिने १२,००० रुपये भरले होते. मी तिची संपादक, आणि मला ती खरी आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. नव्याने लिहिलेले परिच्छेद माझेच, हे मी तिला सांगितलं. ते तिने काढून टाकले आणि आपल्या मार्गदर्शकांकडे जाऊन सगळं सांगितलं. सोपं नव्हतं ते.

उरलेल्या दोन फायलींवर नाव नाही. एक प्रकरण ऊसतोड कामगार बायकांच्या आरोग्यावरचं आहे, दुसरं अंगणवाडी सेविकांच्या मानधनावरचं. दोन्ही २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात माझ्याकडे आली होती. ती तुमची असतील तर मला कळवा. मूळ प्रत आणि मी केलेल्या प्रत्येक दुरुस्तीच्या खुणा मी जपून ठेवल्या आहेत. कुठलं वाक्य तुमचं आणि कुठलं माझं, हे मी तुमच्या मार्गदर्शकांसमोर बसून दाखवायला तयार आहे.