बरणीतला पेस्टो, तोही बडोद्यात!
अलकापुरीतल्या एका दुकानातून इटालियन पेस्टोची (बेसिल म्हणजे तुळशीसारखा पाला, ऑलिव्ह तेल, पाइन नट्स नि चीज यांची चटणी) बरणी आणली आणि चक्क आवडली. लेबल वाचून घ्या बरं का, बऱ्याच बरण्यांत ऑलिव्हऐवजी सूर्यफुलाचं तेल, पाइन नट्सच्या जागी काजू, वर बटाट्याचे फ्लेक्स, मग चव कसली येणार डोंबलाची. हिच्यात बेसिलचा वास मस्त येतो, तेल ऑलिव्हचंच. मीठ मात्र जरा जास्तच. शाकाहारी असाल तर चीजही बघा, अस्सल पार्मेझानमध्ये वासराचं रेनेट (त्याच्या जठरातून काढलेलं, दूध घट्ट करणारं विरजण) असतं, म्हणून सासूबाईंसाठी बिनचीजची वेगळी घेतली, ती आपली ठीकठाक. पेस्टो गॅसवर शिजवू नका, काळपट पडतो, गरम पास्त्यात नुसता कालवायचा. आणि भाखरीवर लावून बघा, सेव-उसळीच्या गावात बोलू नये पण झकास लागतो!