ब्लेंडरमधलं सेव्ह: फाइलीच्या आतलं पक्कं, बाहेरचं तुम्ही सांभाळायचं

मॉडेल, रिग (मॉडेल हलवायचा सांगाडा), कीफ्रेम (हालचालीतले ठरवलेले क्षण), दिवे, कॅमेरे, इतकंच काय स्क्रीनवरची मांडणीसुद्धा ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर एकाच डॉट ब्लेंड फाइलीत ठेवतं. मोठा सीनही चटकन सेव्ह होतो. एवढ्या बाबतीत हे सॉफ्टवेअर पूर्ण विश्वासाचं आहे. गडबड होते ती सुरुवातीच्या सेटिंगमुळे, आणि ती बदलल्याशिवाय मोठ्या कामाला हात घालू नये.

पहिली गोष्ट बॅकअपची. प्रत्येक सेव्हला आधीची फाइल 'ब्लेंड१' नावाने बाजूला राहते, पण मुळात अशी एकच प्रत ठेवली जाते. रिग बिघडला, लक्षात न येता दोनदा कंट्रोल-एस दाबलं, की चांगली प्रत गेलीच. प्रेफरन्सेसमध्ये 'सेव्ह अँड लोड' उघडा आणि 'सेव्ह व्हर्जन्स' ५ करा. तरीही महत्त्वाच्या टप्प्यावर 'सेव्ह ॲज' वापरून स्वतंत्र फाइल करावी. तिथे नावाशेजारचं अधिकचं चिन्ह दाबलं की पुढचा आकडा आपोआप लागतो. ही सोय फार छान आहे.

ऑटोसेव्ह दर २ मिनिटांनी होतं, पण तुमच्या फाइलीवर नाही, तर टेम्पररी फोल्डरात. काही लिनक्स मशीनवर हे फोल्डर रीस्टार्टनंतर रिकामं होतं. वीज गेली की नेमकी हवी ती फाइल नाहीशी. म्हणून प्रेफरन्सेसमधल्या 'फाइल पाथ्स'मध्ये जाऊन कायमचं फोल्डर द्या. क्रॅशनंतर 'फाइल', 'रिकव्हर', 'ऑटो सेव्ह' असं जायचं. सेव्ह न करता बंद केलं असेल, तर त्याच मेनूतलं 'लास्ट सेशन' लगेच वापरा. दुसरं काम करून ब्लेंडर पुन्हा बंद केलंत, तर ती प्रत पुसली जाऊ शकते.

सर्वात मोठी उणीव अशी की कोणीच वापरत नसलेला डेटा फाइलीत टिकत नाही. कॅरेक्टरवरून काढून ठेवलेली चालण्याची ॲक्शन (हालचालीच्या कीफ्रेमचा संच) सेव्ह करून फाइल पुन्हा उघडल्यावर गायब झालेली असू शकते. नावाशेजारचं ढालीचं चिन्ह, म्हणजे फेक यूझर, दाबलेलं असेल तर ती राहते. इतक्या मोलाच्या गोष्टीसाठी ठळक इशारा हवा होता.

टेक्श्चर (मॉडेलवर चढवलेली चित्रं) आणि आवाजाचे फक्त पत्ते फाइलीत असतात. फाइल दुसऱ्या मशीनवर नेली आणि मॉडेल गुलाबी-जांभळं दिसलं, तर चित्र सापडलेलं नाही असं समजा. 'फाइल' मेनूच्या 'एक्स्टर्नल डेटा'मधलं 'पॅक रिसोर्सेस' बहुतेक चित्रं-आवाज आत घेतं. व्हिडिओ मात्र पॅक होत नाही. त्यामुळे व्हिडिओ प्रोजेक्टच्याच फोल्डरात ठेवावा, 'मेक पाथ्स रिलेटिव्ह' करावं आणि आख्खं फोल्डर उचलून न्यावं. सिम्युलेशनची डिस्कवरची कॅश, म्हणजे आधीच करून ठेवलेली गणितं, हीही सोबत घ्या, नाहीतर पुन्हा बेक करत, म्हणजे ती गणितं नव्याने करत बसावं लागतं.

फाइल लहान करणारा कॉम्प्रेस पर्याय ब्लेंडर ३.० पासून बराच वेगवान झाला आहे. जड मेश (मॉडेलची जाळी) असेल तर जरूर चालू करा. फक्त अशी फाइल त्याहून फार जुन्या ब्लेंडरमध्ये उघडत नाही, म्हणून ज्याला पाठवणार त्याची आवृत्ती आधी विचारून घ्या.