रात्री पावणेदोनचा फोन: लॉगिनवर नजर ठेवणाऱ्या सेवेचा वर्षभराचा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या कारखान्यात कास्टिंगवर मशीनिंग होते, आणि ऑर्डरीपासून बिलांपर्यंतचा सारा व्यवहार ईमेलवर चालतो. ४६ जणांची मायक्रोसॉफ्ट ३६५ खाती सांभाळणे हे माझे काम आहे. संशयास्पद लॉगिनवर चोवीस तास नजर ठेवणारी बाहेरची सेवा आम्ही गेल्या वर्षी घेतली. तिच्या हातून झालेली एक गंभीर चूकही पुढे सांगायची असल्यामुळे कंपनीचे नाव येथे देत नाही.

पहिले दोन महिने खोट्या अलर्टनी हैराण केले. त्याचे कारण आपल्या सीमाभागातच होते. चंदगडहून रोज कामाला येणाऱ्या कित्येकांकडे महाराष्ट्रातले सिम असते. अशा मोबाइलचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळख क्रमांक, बहुधा मुंबई किंवा पुणे दाखवतो, तर कारखान्याच्या ब्रॉडबँडचा पत्ता बेंगळुरू. एकाच माणसाने टेबलावरच्या संगणकावर आणि खिशातल्या फोनवर पाच मिनिटांच्या अंतराने मेल उघडला, की यंत्रणेच्या हिशेबाने तो बेंगळुरूहून मुंबईला पोहोचलेला असतो आणि ‘अशक्य प्रवास’ असा अलर्ट येतो. सेवेतल्या मुलांनी हे अलर्ट सरसकट बंद केले असते तर मी करारच मोडला असता. त्यांनी तसे केले नाही. कोणाचा कोणता फोन, कोणत्या कंपनीचे सिम, लॉगिन ओळखीच्या उपकरणावरून आहे की नव्या, याची यादी त्यांनी माझ्यासोबत बसून केली आणि ओळखीच्या उपकरणांपुरताच अलर्टचा दर्जा खाली आणला. रोजचे पंधरा-वीस अलर्ट आठवड्याला तीन-चारांवर आले. हे किचकट काम मन लावून केल्याबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यावे लागतील.

खरी परीक्षा झाली ती एका रात्री १ वाजून ४० मिनिटांनी. लेखा विभागातील एका बाईंच्या खात्यात जर्मनीतील एका होस्टिंग (सर्व्हर भाड्याने देणाऱ्या) कंपनीच्या आयपी पत्त्यावरून लॉगिन झाले होते. पासवर्ड बरोबर, मोबाइलवरचा कोडही बरोबर. पाचव्या मिनिटाला मला फोन आला आणि लगेच त्या बाईंनाही जोडून घेतले. पलीकडचा मुलगा शांतपणे मराठीत म्हणाला, “मॅडम, तुमची चूक शोधायला फोन केलेला नाही. आज कुठं पासवर्ड पुन्हा विचारला होता का, तेवढं आठवून सांगा.” खानापुरातल्या घरी झोपेतून उठलेल्या बाईंनी क्षणभर विचार करून सांगितले, “होय, संध्याकाळी एक बिल उघडताना विचारला होता की. कोडपण घातला मी.” हाच प्रश्न इंग्रजीत किंवा दरडावून विचारला असता, तर हे उत्तर मिळाले नसते असे माझे ठाम मत आहे. ते बिल म्हणजे मध्ये बसवलेले बनावट पान होते. असे पान आपण भरलेला पासवर्ड आणि कोड खऱ्या पानाकडे जसाच्या तसा पोहोचवते आणि मिळालेले चालू सेशन, म्हणजे पुन्हा पासवर्ड न विचारणारे उघडे लॉगिन, चोराच्या हाती देते, त्यामुळे कोडची दुसरी कडीही तेथे उपयोगी पडत नाही.

चूक झाली ती यानंतर. पासवर्ड बदलला, सर्व सेशन तोडले आणि २ वाजून ५ मिनिटांनी त्यांनी तक्रार निकाली काढली. सकाळी मी खाते उघडून पाहिले, तेव्हा नावाच्या जागी नुसते टिंब असलेला एक इनबॉक्स रूल, म्हणजे आलेले मेल आपोआप हलवणारा नियम, सापडला. ‘पेमेंट’ किंवा ‘बँक’ हे इंग्रजी शब्द असलेला प्रत्येक मेल ‘वाचलेला’ अशी खूण करून ‘आरएसएस फीड्स’ या, वेबसाइटवरच्या बातम्यांसाठी असलेल्या आणि सहसा कोणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाकण्याचे काम तो करत होता. पासवर्ड बदलल्याने असा रूल जात नाही. शिवाय कोड मिळवण्यासाठी एक अनोळखी फोनही खात्याला जोडलेला होता, आणि विसरलेला पासवर्ड फोनवरून बदलण्याची सोय आमच्याकडे चालू असल्यामुळे चोराला परत येण्याची वाट उघडीच राहिली होती. त्या फोल्डरमध्ये एका ग्राहकाचा मेल पडून होता: “तुमचा बँक खाते क्रमांक खरोखर बदलला आहे का?” मी त्या ग्राहकाला तत्काळ फोन लावला. पैसे गेले नव्हते, पण तो मेल वाचताना माझे हातपाय गार पडले होते.

कंपनीने चूक लेखी मान्य केली, हे नोंदवले पाहिजे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. तो अहवाल त्यांनीच वेळेत तयार करून दिला. त्याच निर्देशांत १८० दिवसांच्या नोंदी जपण्याचे बंधन आहे. मायक्रोसॉफ्टच्या सशुल्क योजनेतही लॉगिनच्या नोंदी मुळात ३० दिवसच राहतात, त्यामुळे या सेवेची वेगळी साठवण आम्हाला उपयोगी पडते.

दर आमच्यासारख्या कारखान्याला परवडणारा आहे. आम्ही करार पुढे चालू ठेवला, पण एक अट लेखी घालून: इनबॉक्स रूल, आपोआप बाहेर पाठवले जाणारे मेल आणि खात्याला नव्याने जोडलेले फोन या तिन्हींची पडताळणी होऊन त्यांचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आल्याशिवाय कोणतीही तक्रार निकाली निघणार नाही. त्यानंतर आलेल्या दोन खऱ्या अलर्टच्या वेळी ते स्क्रीनशॉट मला मागावे लागले नाहीत.