हेलडायव्हर्स २ : साथीदारालाही लागणारी गोळी

स्वीडनच्या अ‍ॅरोहेड स्टुडिओने घडवलेला आणि सोनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ व पीसीसाठी आणलेला ‘हेलडायव्हर्स २’ हा चौघांनी मिळून खेळायचा खेळ मला विशेष आवडतो, तो त्यातील एका कठोर नियमामुळे. येथे आपली गोळी साथीदारालाही लागते, आणि हे बंद करण्याची सोय नाही.

या एका नियमाने खेळण्याची सारी रीत बदलते. आकाशातून मागवलेला ३८० मिमी तोफांचा मारा किंवा ५०० किलोचा बॉम्ब आपला-परका ओळखत नाही, आणि स्वयंचलित बंदूक शत्रूवर गोळ्या झाडताना मध्ये कोण उभे आहे हे पाहत नाही; त्यामुळे बॉम्ब मागवण्यापूर्वी इतरांना सावध करणे, मशीनगनसमोरून न धावणे, वेळ आलीच तर जमिनीवर झेप घेऊन आडवे होणे, ही शिस्त अनोळखी खेळाडूंमध्येही अंगवळणी पडते. मेलेल्याला लगेच परत बोलावता येते, म्हणून चुकीचा राग फार टिकत नाही. ही योजना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते.

उणीव आहे ती मुद्दाम मारणाऱ्यांच्या बाबतीत. ‘रेनबो सिक्स सीज’ या दुसऱ्या नेमबाजीच्या खेळात साथीदारांना इजा करणाऱ्यावर ती इजा उलटवण्याची व्यवस्था आहे, येथे मात्र अशा खेळाडूला बाहेर काढणे हाच मुख्य उपाय उरतो. म्हणून ओळखीचे तिघे आणि चालू मायक्रोफोन असतील, तर हा खेळ अवश्य घ्यावा.