लॅपटॉपचा आवाज गेल्यावर घेतलेलं यूएसबी साउंड कार्ड: काही महिन्यांच्या वापरानंतर

आईच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकली आणि आवाज गेला. बाकी सगळं सुरळीत, फक्त स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली. आई सदाशिव पेठेतल्या घरून ऑनलाइन गाणं शिकवते, म्हणजे आवाजाशिवाय तिचा लॅपटॉप निरुपयोगी.

काही विकत घेण्याआधी दोन गोष्टी नक्की बघा. एचडीएमआयने मॉनिटर जोडलेला असेल तर आवाज तिकडे वळलेला असू शकतो. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट बदला. दुसरं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली सगळ्या हार्डवेअरची यादी) पिवळ्या त्रिकोणासह 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' दिसत असेल तर बहुधा फक्त ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते हार्डवेअर चालवू देणारं सॉफ्टवेअर, नाहीये. त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या हार्डवेअर आयडीत (ओळख क्रमांकात) १०ईसी असेल तर चिप रिअलटेकची, ८०८६ असेल तर इंटेलची. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आधी इंटेल स्मार्ट साउंडचा ड्रायव्हर टाकावा लागतो, तोवर मागची रिअलटेकची चिप विंडोजला दिसतच नाही. हा क्रम कुणी सांगत नाही आणि लोक उगाच दुरुस्तीवर पैसे घालतात.

आमच्या मॉडेलसाठी नव्या विंडोजचा ड्रायव्हरच मिळेना, जुना टाकला तर कोड १०, म्हणजे डिव्हाइस सुरूच होत नसल्याची त्रुटी. शेवटी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, एक साधं यूएसबी साउंड कार्ड (यूएसबी पोर्टात लावायचं, हेडफोन-माइकची भोकं असलेलं छोटं उपकरण) आणलं. लावताक्षणी चाललं. यूएसबी ऑडिओ क्लास हे ठरलेलं मानक आहे आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, त्यामुळे पुन्हा विंडोज टाकली तरी ड्रायव्हर शोधायची वेळ येणार नाही. भावाच्या लिनक्सवरही तेच कार्ड काही न टाकता चाललं.

मात्र लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर आणि आतला माइक यामुळे परत येत नाहीत. बाहेरचे स्पीकर किंवा हेडफोन लागतातच. दोन वेगळी भोकं असलेल्या कार्डात मोबाइलच्या इयरफोनचा माइक चालत नाही, कारण त्याच्या एकाच पिनेत आवाज आणि माइक दोन्ही असतात. आवाज आणि माइक वेगवेगळ्या पिनांवर काढणारा स्प्लिटर घ्यावा लागला. पोर्ट बदललं की विंडोज कार्डाला नवं समजून आवाजाची पातळी पुन्हा मूळ जागी नेते, म्हणून आईचं पोर्ट ठरलेलं आहे. थोडा वेळ शांत राहिल्यावर पहिला स्वर तुटायचा. पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद केल्यावर ते थांबलं.

तानपुरा हेडफोनवर स्वच्छ ऐकू येतो, खरखर नाही, आणि माझ्यासाठी हेच सगळ्यात मोलाचं. विद्यार्थ्यांना तो मधूनच गायब व्हायचा, पण त्यात कार्डाचा दोष नव्हता. कॉलच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज सप्रेशन सलग वाजणाऱ्या तानपुऱ्याला गोंगाट समजून कापून टाकतं. गाण्याच्या वर्गासाठी ते बंदच ठेवा.

माइकचा आवाज मात्र बारीक आहे. शिकवायला पुरतो, रेकॉर्डिंग करायचं असेल तर सरळ यूएसबी माइक घ्या.